द्राक्षाचा ताण संत्र्यासारखा नसतो

वाचकांचे प्रश्न : वाइन द्राक्षाचं ओलीत

संत्र्याच्या पट्ट्यात वाइनची द्राक्षं लावणारे मोजकेच आहेत. या वेळी नागपूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले प्रश्न मात्र त्यांचेच आहेत, आणि बहुतेक सगळे पाणी कधी तोडायचं आणि किती, म्हणजे ताण कसा द्यायचा, याभोवती फिरतात. लागवडीच्या विचारात असलेल्यांनी आधी माल कोण घेणार ते लेखी ठरवावं. राज्यातल्या बहुतेक वायनरी नाशिककडे आहेत, आणि तोडलेला घड उन्हात सहाशे किलोमीटर टिकत नाही.

प्रश्न : माझी संत्र्याची बाग आहे. शेजारच्या एक एकर मुरमाड वावरात शिराझ (लाल वाइनची जात) लावलं, तिसरं वर्ष सुरू आहे. आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलासाठी) डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतो. द्राक्षाचंही तसंच तोडायचं का? ताण लागतो असं सगळे सांगतात, किती दिवस ते कोणी सांगत नाही. (काटोल)

उत्तर : तसं अजिबात तोडू नका. दोन्हीकडे शब्द ‘ताण’च आहे, पण काम वेगळं आहे. संत्र्याला ताण देतो तो झाडाची वाढ थांबवून फूल काढण्यासाठी. तेव्हा झाडावर आंबियाचं नवं फळ नसतं, पानं मलूल झाली, थोडी गळली तरी चालतं. द्राक्षात घड तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काड्या आखूड कापून नवी फूट काढतात ती), मे-जूनमध्ये, काडीच्या डोळ्यात. डिसेंबरात तो घड वेलीवर लोंबत असतो. तेव्हा महिनाभर ड्रिपचा कॉक बंद ठेवलात तर फूल यायचं नाहीच, हातातला माल जाईल.

वाइनच्या द्राक्षात ताणाची कामं दोन : मणी लहान ठेवणं आणि शेंडा थांबवणं. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान असला की तेवढ्याच रसामागे साल जास्त मिळते. शेंडा थांबला की घडावर सावली कमी पडते आणि पानांनी केलेली साखर नव्या फुटीऐवजी घडाकडे जाते.

वेळ अशी धरा. फळछाटणी (घड बाहेर काढण्यासाठीची) ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली असेल तर फुलोरा साधारण नोव्हेंबरच्या मध्यावर येतो, मणी सेट व्हायला, म्हणजे फुलातून मणी धरायला, महिना संपत येतो, आणि जानेवारीच्या मध्याला मण्यात पाणी उतरायला लागतं, म्हणजे तो मऊ पडायला लागतो. सेटिंग पूर्ण झाल्यापासून पाणी उतरेपर्यंतचे हे सहा-सात आठवडे ताणाचे. या काळात मणी लहान राहिला तर पुढे कितीही पाणी दिलं तरी तो पुरता भरून निघत नाही, म्हणून मोल याच काळाला आहे. फुलोऱ्यात मात्र जोराचा ताण बसू देऊ नका. सेटिंग विस्कटतं आणि घड विरळ राहतो.

ताण म्हणजे शून्य पाणी नव्हे, निम्मं पाणी. मुरमाडात कॉक पूर्ण बंद केला तर तीन-चार दिवसांत वेल कोमेजते. निम्म्यावर आणल्यावर रोज शेंड्याकडे बघा. बाळ्या (आधार धरणारे तंतू) शेंड्याच्या पुढे लांब गेलेल्या असतील तर वेल अजून जोमात आहे. शेंडा आणि बाळी बरोबरीला आले, कांड्या आखूड पडायला लागल्या, म्हणजे ताण लागू झाला. बाळ्या वाळून गळायला लागल्या आणि शेंडा सुकला की पुरे, त्याच पातळीवर धरून ठेवा. दुपारी दोनच्या सुमारास उन्हातलं पान तळहातात धरून पाहा. पाणी पिणारं पान गार लागतं. ताणावरचं पान हवेइतकं किंवा त्याहून गरम लागतं. घडाजवळची जुनी पानं पिवळी पडायला लागली तर ताण जास्त झाला, त्याच संध्याकाळी पाणी वाढवा. ती पानं गेली की घड थेट उन्हात येतो आणि साखरही अडते.

पाणी उतरलं की दोन-तीन पाळ्यांत हळूहळू वाढवा. एकदम मोकळं सोडलं तर मणी तडकतात. शिराझची एक खोड लक्षात असू द्या : पक्वतेच्या शेवटी मणी आपोआपच थोडे सुरकुततात. ते पाण्याअभावी झालं समजून ड्रिप सोडलं तर मणी फुगत नाहीत, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) तेवढी अडते. सुरकुत्या दिसल्या की आधी ब्रिक्स मोजा आणि तोडणीची तारीख ठरवा.

पांढऱ्या जातींना, म्हणजे सोविन्यों ब्लां, शेनिन ब्लां यांना, इतका ताण नको. त्यांचं मोल सुगंधात आणि आंबटपणात आहे, आणि घड उघडा पडून तापला की दोन्ही उतरतात. तिथे पाव हिस्सा कपात पुरते.

प्रश्न : एका वेलीला रोज किती लिटर द्यायचं? लागवड ९ × ५ फूट, दोन लिटरचे दोन ड्रिपर. (हिंगणा)

उत्तर : ‘रोज दहा लिटर’ असा ठरलेला आकडा नसतो. नागपूरचा डिसेंबर आणि नागपूरचा मे यांत बाष्पीभवनाचा फरक तिपटीचा असतो, त्यामुळे हिशेब बाष्पीभवनावरूनच करायचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तुमच्या एका वेलीचं क्षेत्र ४५ चौरस फूट, म्हणजे ४.२ चौरस मीटर.

लिटर = बाष्पीभवन (मिमी) × ४.२ × गुणक.

गुणक साधारण असे धरा : खरड छाटणीनंतर पहिले ४० दिवस ०.४, पुढे ४० ते ७० दिवस, घडनिर्मितीच्या काळात, ०.१५, फळछाटणीपासून सेटिंगपर्यंत ०.४, सेटिंग ते पाणी उतरणं ०.२, तिथून तोडणीपर्यंत ०.३, तोडणीनंतर खरड छाटणीपर्यंत ०.२. शेवटचा आकडा पुष्कळ जण विसरतात. घड तोडले की पाणी तोडतात, आणि पानं महिनाभर आधी गळतात. त्या महिन्यात वेल मुळात आणि खोडात साठा करते, पुढची फूट त्याच साठ्यावर निघते.

डिसेंबरात बाष्पीभवन ४ मिमी असेल तर ४ × ४.२ × ०.२ = ३.४ लिटर. तुमच्या दोन ड्रिपरमधून तासाला ४ लिटर पडतं, म्हणजे सुमारे ५० मिनिटं. मे महिन्यात १३ मिमी असेल तर १३ × ४.२ × ०.४ = २२ लिटर, म्हणजे साडेपाच तास. वीज आठ तासांची आणि प्लॉट दोन असतील तर हे बसणार नाही. चार लिटरचे ड्रिपर घाला. एकरी ९६८ वेली धरल्या तर मे महिन्यात रोज एकवीस हजार लिटर लागतील. विहीर तेवढं देते का, हे भर उन्हाळ्यात मोजा. दिवाळीतली पातळी पाहून ठरवू नका.

३.४ लिटर रोज देऊ नका. एवढ्याने वरची वीतभर माती ओली होते, मुळं वर येतात आणि एक पाळी चुकली की वेल माना टाकते. मुरमाडात दोन दिवसांचं एकत्र, काळ्या जमिनीत चार-पाच दिवसांचं एकत्र द्या.

बाष्पीभवनाचा आकडा जवळच्या कृषी हवामान केंद्राकडून मिळेल. स्वतः मोजायचं तर १२१ सेंमी व्यासाचं, २५ सेंमी खोल पत्र्याचं भांडं लाकडी चौकटीवर, सावली नसलेल्या जागी ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पातळी मोजा. घरच्या लहान टोपात मोजू नका. त्याचा पत्रा तापून पाणी जास्त उडतं आणि आकडा फुगतो.

प्रश्न : आमच्या भारी काळ्या जमिनीत ताण बसतच नाही. डिसेंबर सरतो तरी शेंडे चालूच. (कळमेश्वर)

उत्तर : काळी जमीन मीटरभर खोलीत दीडशे ते दोनशे मिमी पाणी वेलीसाठी धरून ठेवते. पावसाळा संपताना ती काठोकाठ भरलेली असते, आणि त्यावर ऑक्टोबर छाटणी झाली म्हणून आपण ड्रिप सोडतो. गुणकाप्रमाणे पाणी निघालं तरी आधी माती पाहा. गिरमिटाने ३० आणि ६० सेंमीवरची माती काढून मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटांना ओल लागली तर पाणी देऊ नका. लाडू वळतो पण दाबल्यावर फुटतो, तेव्हा पहिली पाळी. दोन ओळींमध्ये हरभरा टाकला तर तोही ओल ओढून घेतो. फळछाटणीनंतर नत्र हात राखून द्या. ओल आणि नत्र एकत्र मिळालं की शेंडा थांबवणं कठीण.

दुसरा धोका उलट बाजूचा. ही जमीन वाळली की भेगाळते, बारीक मुळं तुटतात आणि ड्रिपरचं पाणी भेगेतून सरळ खाली जातं. भेगेत बोट जायला लागलं म्हणजे उशीर झाला. सोयाबीनचं कुटार किंवा धानाची तणस ८-१० सेंमी जाडीने पसरा, पण खोडापासून वीतभर दूर. खोडाला टेकलं की वाळवी लागते. टेन्शियोमीटर (मातीतली ओल दाखवणारं उपकरण) लावलात तर भेगांच्या दिवसांत त्याच्या आकड्यावर विसंबू नका. टोकाचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडा खोटा येतो.

प्रश्न : ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. काही वेली हिरव्या, काही सुकलेल्या. (नरखेड)

उत्तर : तो चुना आहे. विहिरीच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तोंडाशी वाळतं आणि थर धरतं. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटची किंवा सल्फेटची खतं एकाच टाकीत कालवली तरी असाच साका होतो. ती वेगळ्या दिवशी सोडा. अशा बागेत ताण देणं म्हणजे अर्ध्या वेली उपाशी ठेवणं, म्हणून ताणाच्या आधी ही तपासणी करा : सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या लॅटरलवर (ओळीतल्या ड्रिपच्या नळीवर) मिळून २० ड्रिपर निवडा, प्रत्येकाखाली ३ मिनिटं भांडं धरा. दोन लिटरच्या ड्रिपरमधून १०० मिली यायला हवं. सर्वांत कमी आलेल्या पाचांची सरासरी काढून तिला विसांच्या सरासरीने भागा. ०.९ च्या वर असेल तर उत्तम, ०.८ च्या खाली असेल तर आम्ल सोडा.

आम्लाचं प्रमाण आपल्याच पाण्यावर काढा. दहा लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं टाकत सामू ४ येईपर्यंत मोजा, आणि त्याच प्रमाणात व्हेंच्युरीतून (ड्रिपच्या पाण्यात खत-आम्ल ओढून घेणाऱ्या जोडणीतून) सोडा. शेवटच्या ड्रिपरखाली सामू-कागद ४ दाखवेल तेव्हा बंद करा. २४ तास तसंच ठेवा, मग सबमेनचा (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या पाइपचा) फ्लश व्हॉल्व्ह आणि लॅटरलच्या एंड कॅप उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. आम्ल पाण्यात टाका, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच. ब्लीचिंग पावडर त्याच दिवशी सोडू नका. दोन्ही एकत्र आले की निघणारा क्लोरीन वायू जीवघेणा असतो. वाळूच्या फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या गेजमध्ये दाबाचा अर्ध्या किलोचा फरक दिसला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. वीज रात्रीची असेल तर बंद ड्रिपर दिसत नाहीत, म्हणून आठवड्यातून एक पाळी दिवसा चालवा.

प्रश्न : दोन बाजूंना दोन नळ्या टाकून आलटून-पालटून पाणी देण्याची पद्धत करावी का? (उमरेड)

उत्तर : ही पद्धत ऑस्ट्रेलियात पुढे आली. कोरड्या बाजूची मुळं पानांना इशारा देतात, पानांची छिद्रं थोडी मिटतात, आणि ओल्या बाजूमुळे वेल सुकत नाही. दहा-चौदा दिवसांनी बाजू बदलायची. पण काळ्या जमिनीत पाणी आडवं पसरून दोन्ही बाजू ओल्या होतात, आणि तेवढंच कमी पाणी एका नळीने दिलं तरी फायदा बहुतेक वेळा तितकाच दिसतो. एक-दोन एकरांसाठी दुप्पट लॅटरलचा खर्च करू नका. ते पैसे चांगल्या फिल्टरवर घाला.

प्रश्न : मे महिन्यात नव्या फुटीच्या पानांच्या कडा करपतात. पाणी भरपूर देतो. (सावनेर)

उत्तर : कुठली पानं करपतात ते बघा. पश्चिमेकडची, उन्हात उघडी पानं मध्येच डाग पडून करपत असतील तर ते ऊन आहे. खरड छाटणीनंतर ओलांडे (वेलीचे तारेवरचे आडवे हात) उघडे पडतात, पारा ४५ च्या वर जातो. ओलांड्यांना चुना लावा, पश्चिमेला शेडनेटची पट्टी बांधा. जुन्या पानांची कड सलग, जणू रेघ मारल्यासारखी करपत असेल तर ते क्षार आहेत, आणि तिथे रोज थोडं थोडं पाणी देण्याने त्रास वाढतो. पाण्याची तपासणी करून घ्या. मातीच्या संपृक्त अर्काचा ईसी (क्षारांचं माप) १.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेला की द्राक्षाचं उत्पन्न घटायला लागतं. क्षार ओल्या गोलाच्या कडेला साचतात, म्हणून पंधरवड्यातून एकदा नेहमीच्या दीडपट वेळ ड्रिप चालवून ते खाली ढकला. आणि मृगाचा पहिला हलका पाऊस आला की ड्रिप बंद करू नका, चालूच ठेवा. तो पाऊस कडेचे क्षार थेट मुळांकडे आणतो. चांगला ५० मिमी पाऊस पडून गेला की मग बंद करा.