रीसेटच्या भोकात पिन घालण्यापूर्वी

घरचं वाय-फाय अचानक बंद पडण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. राउटरच्या आयपी पत्त्यांचे (नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या क्रमांकांचे) आकडे इथे मराठीत छापले असले, तरी यंत्रावर ते इंग्रजी अंकांतच टाइप करावेत.

प्रश्न : राउटरचे दिवे लागलेले असतात, मोबाइलवर वाय-फायची रेंजही पूर्ण दिसते, पण एकही साइट उघडत नाही. राउटर बिघडला असं समजायचं का? रीसेट करून पाहू का?

राउटर बिघडलेला असण्याची शक्यता कमी आहे, आणि रीसेट तर अजिबात करू नका. मोबाइलवर दिसणारी रेंज फक्त मोबाइल ते राउटर एवढ्याच टप्प्याची असते. राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतची लाइन चालू आहे की नाही, हे त्या रेंजवरून कळत नाही. म्हणून आधी बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते शोधायचं.

सुरुवात दिव्यांपासून करा. फायबरचं कनेक्शन असेल तर फायबरची केबल ज्यात येते त्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ (काही डब्यांवर एल-ओ-एस) असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा आणि लॉस विझलेला असेल तर लाइन ठीक आहे. लॉस लाल होऊन लुकलुकत असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतो तो फारच क्षीण आहे. अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. डब्यात जाणारी बारीक केबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घाला. कपाटाच्या पायाखाली दबली आहे का, दाराच्या फटीत चिरडली आहे का, कोपऱ्यावर काटकोनात दुमडली आहे का, ते पाहा. फायबरला तीक्ष्ण बाक सोसत नाही, कारण तिथून प्रकाश बाहेर निसटतो. जास्तीची केबल तळहाताएवढ्या सैल वेढ्यात ठेवावी. मग डबा बंद करून केबलचं टोक (ते बहुधा हिरवं असतं) सरळ बाहेर ओढा आणि ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत परत आत दाबा. टोकाला बोट लावू नका, कारण तिथली धूळ किंवा बोटाचा तेलकटपणाही प्रकाश अडवतो. टोकात डोकावून तर कधीच पाहू नका. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. एवढं करूनही दिवा लालच राहिला तर कंपनीला फोन करा आणि ‘नेट बंद आहे’ असं न सांगता ‘लॉस लाल लुकलुकतो आहे’ असं सांगा. म्हणजे लाइन दुरुस्त करणारा माणूस पाठवायचा, हे त्यांना लगेच कळतं.

पॉन स्थिर नसून लुकलुकत असेल तर प्रकाश येतो आहे, पण कंपनीच्या यंत्रणेत डब्याची नोंद पुरी होत नाही. हेही त्यांच्याच बाजूने सोडवावं लागतं.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला) जोडा. केबलवर नेट चाललं तर दोष वाय-फायच्या सेटिंगमध्ये किंवा त्या मोबाइलमध्ये आहे. केबलवरही चाललं नाही तर लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने तो स्वतःच लावून घेतला आहे. इथे राउटरवर संशय घ्यायला जागा आहे, पण आधी दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट वापरून पाहा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ब्राउझरमध्ये ‘डीफॉल्ट गेटवे’चा, म्हणजे राउटरचा स्वतःचा, पत्ता टाकून राउटरचं पान उघडा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. त्या पानावर ‘वॅन’ (कंपनीकडची जोडणी) किंवा ‘इंटरनेट’च्या स्थितीत ०.०.०.० दिसलं तर राउटरचं कंपनीशी बोलणं झालेलं नाही. मुदत संपलेलं खातं किंवा पीपीपीओईचा (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचा) चुकीचा पासवर्ड ही त्याची नेहमीची कारणं.

वॅनला पत्ता आहे आणि तरीही साइट उघडत नाहीत, असं असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे लॅपटॉपवरून त्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर येत असेल आणि फक्त साइटची नावं उघडत नसतील तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा आहे. राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे दोन पत्ते भरले की बहुतेक वेळा काम होतं.

आता रीसेटबद्दल. रीस्टार्ट केल्यावर सगळी सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. बारीक भोकात पिन घालून दहाएक सेकंद दाबून केलेला रीसेट मात्र सगळं पुसून टाकतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पुन्हा घालता येतात, पण त्यांच्यासोबत पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांकही (कंपनीच्या लाइनसाठी राउटरमध्ये भरलेला क्रमांक) जातो. ही माहिती बहुतेक घरांत कुठेच लिहून ठेवलेली नसते. फायबरच्या डब्यावर रीसेट केला तर तंत्रज्ञ येईपर्यंत घर नेटशिवाय राहू शकतं. रीसेट करायचाच असेल तर आधी वॅनच्या पानाचा फोटो काढा, सेटिंग्जची बॅकअप फाइल उतरवून ठेवा आणि पासवर्ड कंपनीकडून मागून घ्या, कारण पानावर तो ठिपक्यांच्या रूपातच दिसतो.

रीस्टार्टचीही एक रीत आहे. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींची वीज काढून ३० सेकंद थांबा. आधी डबा चालू करा, पॉन स्थिर होऊ द्या आणि मगच राउटर चालू करा. दोन्ही एकदम चालू केले तर लाइन तयार होण्याआधीच राउटर पत्ता मागतो. काही राउटर त्यानंतर नीट पुन्हा प्रयत्न करत नाहीत.

प्रश्न : दिवसभर राउटर नीट चालतो. रात्री सगळे घरी आले की मध्येच सगळे दिवे विझतात आणि पुन्हा लागतात. नवा राउटर घ्यावा का?

आधी अडॅप्टर बदलून पाहा. राउटरपेक्षा अडॅप्टर लवकर थकतो, आणि त्यासाठी चांगला राउटर टाकून देणं आम्हाला पटत नाही. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. मग काम हलकं असताना व्होल्टेज ठीक राहतं, पण बरीच उपकरणं जोडली जाऊन राउटर जास्त करंट ओढू लागला की ते खाली येतं आणि राउटर नव्याने सुरू होतो. नुसता अडॅप्टर मल्टिमीटरला लावून तपासला तर म्हणूनच फसगत होते. भार नसताना तो बरोबर १२ व्होल्ट दाखवतो.

बदली अडॅप्टर घेताना राउटरच्या खालचं लेबल वाचा. १२ व्होल्ट, १ अँपिअर असं लिहिलेलं असेल तर व्होल्ट १२च हवेत. अँपिअर १ किंवा त्याहून जास्त चालतील, कारण राउटर लागेल तेवढाच करंट घेतो. पिनच्या आत प्लस आहे की मायनस, ते लेबलवरच्या वर्तुळाच्या खुणेवरून जुळवा. पिन सैल बसत असेल तर आतल्या भोकाचं माप वेगळं आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या पिनांची आतली मापं २.१ आणि २.५ मिलिमीटर अशी असतात. राउटरला यूएसबी डिस्क जोडलेली असेल तर ती काही दिवस काढून ठेवा. मध्ये छोटा यूपीएस असेल तर तो वगळून राउटर थेट अडॅप्टरवर चालवून पाहा.

दिवे विझताना कोणी पाहिलं नसेल, तर राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ (राउटर किती वेळ सलग चालू आहे ते) बघा. नेट गेल्यानंतरही तो काही दिवसांचा दिसत असेल तर राउटर बंद झालेलाच नाही, फक्त लाइन तुटली होती. तो चार-पाच मिनिटांचा दिसला तर राउटर खरोखर नव्याने सुरू झाला. ही एक नोंद पाहिली तर अडॅप्टरवर उगाच खर्च होत नाही.

अडॅप्टर बदलूनही त्रास थांबला नाही तर उष्णतेकडे बघा. बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला राउटर उघड्यावर ठेवा, आणि त्याच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने काढा.

प्रश्न : मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून जुना राउटर केबलने जोडला. तेव्हापासून कधी नेट चालतं, कधी नाही, आणि राउटरचं पानही धड उघडत नाही.

दोन्ही राउटर एकच पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, धरून बसले असणार आणि दोघेही उपकरणांना आयपी वाटत असणार. जुना राउटर वेगळा करून लॅपटॉपला जोडा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (फक्त वाय-फाय पुरवायचा, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तेवढा निवडला की झालं. नसेल तर त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी वाटण्याचं काम) बंद करा. मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. मुख्य राउटर आधीच कोणाला १.२ हा पत्ता देत नाही ना, तेही त्याच्या डीएचसीपीच्या मर्यादेत पाहून घ्या.

प्रश्न : नव्या राउटरवर सगळं चालतं, फक्त जुना प्रिंटर जोडला जात नाही.

अशा प्रिंटरना बहुधा वाय-फायचा ५ गीगाहर्ट्झचा पट्टा दिसत नाही आणि डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी पद्धत कळत नाही. २.४ गीगाहर्ट्झ चालू ठेवा, त्याला वेगळं नाव द्या आणि सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशी मिश्र ठेवा. तरीही जमलं नाही तर २.४ वर फक्त डब्ल्यूपीए२ ठेवा. पासवर्ड मात्र काढून टाकू नका.

प्रश्न : प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण केबलवर वेग ९५ च्या पुढे जात नाही.

९५ च्या आसपास अडकलेला वेग म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर झाली आहे. गीगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार तुटली किंवा टोकाच्या क्लिपमधली पट्टी काळवंडली की यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात, आणि नेट चालू असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. केबल बदला. नवी ‘कॅट ५ई’ किंवा वरच्या दर्जाची असावी. फरक पडला नाही तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे का, ते पाहा.

प्रश्न : राउटर चालू केल्यावर ५ गीगाहर्ट्झचं नाव लगेच दिसत नाही. कधी कधी मध्येच गायबही होतं.

५ गीगाहर्ट्झचे काही चॅनल रडारसाठीही वापरले जातात. त्यांवर प्रसारण सुरू करण्याआधी राउटरला किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो, आणि नंतर रडारची चाहूल लागली तर तो चॅनल सोडावा लागतो. चॅनल ‘ऑटो’वर असेल तर बदलून ३६, ४०, ४४ किंवा ४८ निवडा आणि चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झपर्यंतच ठेवा. १६० केली तर राउटर पुन्हा रडारच्या पट्ट्यात शिरतो.