सांगलीत पूर येण्याआधी गल्लीतल्या लोकांनी मिळून काय तयारी करावी?

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी रोज बघायला एक जण नेमा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पण कोयना धरणातून सोडलेलं पाणी वाढलं की ४० ची वाट बघत बसू नका. एक वही करा, त्यात लिहा: अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, डायलिसिसला कोण जातं, जनावरं किती, ट्रॅक्टर कुणाकडे.

खरी डोकेदुखी म्हणजे ‘२००५ ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं’ म्हणून बसून राहणारे. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली, सांगा त्यांना. त्यांच्याकडे पोरांना धाडू नका, ऐकत नाहीत. त्यांच्याच वयाचं माणूस पाठवा. आणि बोटीत जास्त माणसं कोंबू नका. ब्रह्मनाळ गावातली बोट २०१९ च्याच पुरात उलटली होती.