काकडीवर गंधक मारूनही पानं करपतात, आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरजवळ अर्धा एकर काकडी, तार-बांबूवर चढवलेली. पावसाच्या झडीनंतर पानांवर पिवळे डाग आले, मग पानं करपू लागली. दुकानातून आणलेलं गंधक दोनदा मारलं, फरक नाही. शेजारच्या दोडक्याला हे लागेल का, आणि जानेवारीत त्याच वावरात टरबूज-खरबूज लावावं की नाही?

वर्णनावरून हा केवडा (डाउनी मिल्ड्यू) नावाचा रोग दिसतो, पानांवर पांढरं पीठ आणणारी भुरी नाही. गंधक चालतं ते भुरीवर. दुकानात जाऊन नुसतं ‘बुरशी आली’ म्हटलं की गंधक, कार्बेन्डाझिम नाहीतर हेक्साकोनॅझोल हातात पडतं. या तिन्हींचा केवड्यावर उपयोग नाही. कारण केवड्याचा जीव खऱ्या बुरशीतला नाहीच. बटाट्यावर उशिरा येणाऱ्या करप्याच्या कुळातला आहे. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात आणि खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरतात. शिवाय कडक उन्हात गंधकाने वेलवर्गीय पिकांची पानं भाजतात, म्हणजे तुमचं थोडं करपणं त्याचंही असू शकेल.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, उद्या पहाटे दव असताना वावरात जा. मधल्या वयाचं एक डागाळलेलं पान घ्या. वरून डाग पिवळा आणि कोनदार दिसेल, शिरांच्या मधल्या चौकटीत बसवल्यासारखा. शीर ओलांडून तो सहसा जात नाही. आता पान उलटा. त्याच डागाच्या बरोबर मागे राखाडी-जांभळट लव दिसली आणि बोट फिरवल्यावर काजळीसारखी बोटाला लागली, तर तो केवडाच. दहा वाजता गेलात तर ऊन लागून ती वाळलेली असते आणि काहीच दिसत नाही. शंका राहिलीच तर ते पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी लव वर येते. भुरी असती तर पानाच्या वरच्या बाजूलाही पीठ शिंपडल्यासारखे पांढरे गोल दिसले असते. खरबुजावर मात्र डाग इतके कोनदार नसतात, जरा गोलसर आणि तपकिरी असतात. टरबुजाची पानं कडेने वर वळतात. त्यामुळे तिथे पान उलटून पाहण्याला पर्याय नाही.

आता औषधाआधी ओलीबद्दल, कारण माझ्या मते अर्धी लढाई तिथेच आहे. रात्री पाच-सहा तास पान ओलं राहिलं की लव धरते, बीजाणू सुटतात, वाऱ्याने शेजारच्या वेलावर जातात. आज दिसणारा डाग साधारण आठवडाभरापूर्वीच्या ओलीचा असतो. पावसाला आपण थांबवू शकत नाही, पण बाकीची ओल आपणच घालतो. तुषार असेल तर बंद करा, ठिबकनेच पाणी द्या, तेही सकाळी. रात्रीची लाइन आहे म्हणून रात्री पाणी सोडणं मला समजतं, पण या पिकात ते महागात पडतं. जमिनीला टेकलेली खालची तीन-चार रोगट पानं दव वाळल्यावर कापून वावराबाहेर न्या. सगळा वेल मात्र सोलू नका, फळं उन्हात भाजतात. युरिया सध्या हात राखून. गर्द पाला म्हणजे न वाळणारा पाला.

फवारणीचं सांगतो. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध (75 टक्के भुकटी, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम) हे रोग यायच्या आधीचं कवच आहे. पानात शिरलेल्या रोगाला ते पोचत नाही. तुमच्याकडे रोग दिसतोय, म्हणून आता सायमोक्झॅनिल अधिक मॅन्कोझेब किंवा डायमेथोमॉर्फसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं औषध हवं, आणि आठवडाभराने दुसऱ्या गटातलं. तेच ते पुन्हा मारू नका. मेटॅलॅक्झिल स्वस्त आणि ओळखीचं म्हणून सगळे मारतात, पण त्याला हा जीव फार लवकर सरावतो. इस्राएलमध्ये काकडीवर हे 1980 च्या आसपासच दिसलं होतं. डब्यावर काकडीचं नाव आहे का ते वाचा, मात्रा तिथलीच पाळा.

औषध कोणतं यापेक्षा ते पडतं कुठे हे मी जास्त पाहतो. बहुतेक जण पंप पाठीवर घेऊन वरून ओलं करत चालतात, आणि रोग बसलेला असतो खाली. नळी खाली धरून नोझल वर वळवा, पानाची पाठ भिजली पाहिजे. पूर्ण वाढलेल्या अर्ध्या एकराला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. तीन पंपांत आटोपलं असेल तर खालची बाजू कोरडीच राहिली समजा. सूर्य मावळायच्या आत पान वाळेल इतक्या वेळाने, दुपारी चारच्या सुमारास मारा. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, आणि त्याच टाकीत कीटकनाशक मिसळायची आपल्याकडची सवय तर सोडाच. माश्या गेल्या की काकड्या वाकड्या येतात.

अडचण खरी ती तोड्याची. काकडी एक दिवसाआड तोडावी लागते आणि लोक ती सालासकट कच्ची खातात. म्हणून आधी तोडा करून माल कळमन्याच्या बाजारात पाठवा, मग फवारा, आणि डब्यावर लिहिलेले दिवस माल पाठवू नका. त्यात एखादा तोडा बुडेल. तो हिशेब आधीच धरा.

करपलेलं पान हिरवं होत नाही, त्याकडे बघून औषध लागू पडलं की नाही ते ठरवू नका. शेंड्याची नवी पानं बघा. अर्ध्याहून जास्त पाला गेला असेल आणि वेल दोन महिन्यांचा झाला असेल, तर मी त्यावर पैसा घालणार नाही. उपटून मोकळा होईन.

दोडक्याला लागू शकतो, कारली-कोहळ्यालाही. त्यांच्यावर अजून डाग नसतील तर मॅन्कोझेबचं कवच आत्ताच द्या.

पुढच्या वेळी सहनशील वाण घ्या, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. पॉइन्सेट ही जुनी जात अमेरिकेतली, तिची केवड्याला टिकण्याची ताकद मात्र भारतातून नेलेल्या काकडीतून आलेली. 2004 मध्ये तिकडे रोगाचा नवा प्रकार आला आणि ती ताकद पुरेनाशी झाली.

जानेवारीत टरबूज-खरबूज लावायला या रोगापुरती हरकत नाही. केवडा जिवंत पानावरच जगतो, वाळलेल्या पाल्यात फार टिकत नाही. म्हणून काकडीचा शेवटचा तोडा झाला की त्याच आठवड्यात वेल काढा, बांधावरची रानटी वेलंसुद्धा. ‘दोन-चार फळं निघतील’ म्हणून म्हातारा वेल ठेवला तर नव्या रोपांना रोग तिथूनच मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळीचा अंदाज आला की पावसाच्या आधी मॅन्कोझेब मारून ठेवा, नंतर नाही. खरबुजात फळाला रोग लागत नाही, पण पाला गेला की गोडी भरत नाही आणि व्यापारी कापून बघतोच. एप्रिलचं ऊन चाळिशीपार गेलं की केवडा आपोआप दबतो. तेव्हा लक्ष भुरीवर ठेवा, आणि उरलेलं गंधक असेल तर उन्हं कलल्यावर, हलक्या मात्रेत मारा.