शिमग्याच्या ढोलापासून सुरुवात कर

इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय ना, मग सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, विकत घ्यायची घाई करू नकोस. सर्ज एक्सटी हे कॉम्प्युटरवर चालणारं सिंथ फुकट आहे आणि पहिल्या अल्बमला पुरून उरतं. पैसे घालायचेच तर बऱ्यापैकी रेकॉर्डरवर घाल. शिमग्याला पालखी दारात आली की ढोल २४ बिटमध्ये (रेकॉर्डरवरची बारकाव्याची सेटिंग) रेकॉर्ड करून घे. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, कारण फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. वाजवणाऱ्यांना आधी विचार, हे आग्रहाने सांगतो. मग त्यातला एकच ठोका काप, चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरव, झाला तुझा किक, म्हणजे तालाचा खर्जातला ठोका! तो घुमला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. समुद्राची गाज घेतलीस तर ८० हर्ट्झखालचा खर्ज आवाज कापून टाक, वाऱ्याची घरघर कमी होते. आणि पावसाळ्यात माइक सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेव, आपली खारी हवा सगळं गंजवते.