अपडेटनंतर काळा पडदा

प्रश्न : घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२ आहे, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं. परवा अपडेट मॅनेजरने दाखवलेलं सगळं घेतलं, त्यात नवा कर्नलही (सिस्टीमचा गाभा) आला. आता मिंटचं चिन्ह दिसतं आणि पुढे नुसता काळा पडदा. बायकोच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका त्यातच आहेत. भाचा म्हणतो, सरळ फॉरमॅट मारू.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी भाच्याच्या हातातला पेनड्राइव्ह काढून घ्या. प्रश्नपत्रिका होम फोल्डरमध्ये सुखरूप असणार. त्या जातील त्या फॉरमॅटने.

मिंट नवा कर्नल जुन्यावर चढवत नाही, शेजारी ठेवतो. एनव्हिडियाचं मॉड्यूल (कार्ड चालवणारा ड्रायव्हर) मात्र प्रत्येक कर्नलसाठी वेगळं बांधावं लागतं. तुमचं बहुधा तिथेच अडलंय. मशीन सुरू करून कंपनीचं चिन्ह येताच एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा), म्हणजे ग्रबचा, कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा, मेनू येईल. एस्केप एकदाच हं, टकटक दाबत राहिलात तर मेनूऐवजी ग्रबचा कोरा प्रॉम्प्ट समोर येतो आणि माणूस उगाच घाबरतो. आला तरी काही बिघडत नाही, रीस्टार्ट करा. मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या आकड्याचा कर्नल निवडा, ‘रिकव्हरी मोड’ न लिहिलेली ओळ. बहुतेक वेळा डेस्कटॉप येतो.

नाहीच आला, तर त्याच ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, नो, मोड, सेट हे तीन इंग्रजी शब्द सलग (nomodeset) टाइप करा आणि एफ१०. चित्र ओबडधोबड दिसेल, पण आत शिरता येईल. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून आधीचा ड्रायव्हर निवडा, किंवा टाइमशिफ्टमध्ये (सिस्टीम मागच्या स्थितीत नेणारं मिंटमधलं साधन) अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची साठवलेली स्थिती, असेल तर तो रिस्टोअर करा. आतही जाता येत नसेल, तर भाच्याचा पेनड्राइव्ह परत मागा: मिंटच्या लाइव्ह डिस्कवर (पेनड्राइव्हवरूनच चालणारं मिंट) टाइमशिफ्ट असतंच, तिथूनही रिस्टोअर होतं.

टाइमशिफ्ट, तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर, होम फोल्डरला हात लावत नाही. म्हणून रिस्टोअरने प्रश्नपत्रिका जुन्या होत नाहीत, पण त्यांचा बॅकअपही त्यात नसतो. तो वेगळ्या ड्राइव्हवर घ्या. आणि नवा कर्नल नीट चालतोय याची खात्री पटेपर्यंत जुना काढू नका, जागा कितीही कमी असो.