सिमाभाग की सीमाभाग? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोबाईलवर मराठी लिहिताना तुम्ही कुठं अडता, असं मागच्या अंकात विचारलं होतं. वाटलं चार-दोन जण लिहितील. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडनं पत्रं आली, आणि त्यात प्रश्न कमी, भांडणं जास्त. जमतील तेवढी घेतलीत.

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीतल्या देवळाचं काम सुरू होतंय, पोरांनी फ्लेक्स लावला ‘भुमीपुजन सोहळा’. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला, चूक आहे म्हणून सांगितलं, तर पोरं म्हणतात काका, वाचून कळलं न्हवं काय ते, मग झालं की. खरंच झालं काय? (अनगोळ, बेळगाव)

उत्तर : पोरांचं निम्मं बरोबर आहे, कळलं हे खरंच. पण तो शब्द भूमिपूजन असा पाहिजे, म्हणजे भू दीर्घ, मि ऱ्हस्व, पू दीर्घ, आणि पोरांनी तिन्ही ठिकाणी बरोब्बर उलटं केलंय, मुद्दाम ठरवून केलं असतं तरी एवढं जमलं नसतं. भूमी एकटी असली की शेवटची मी दीर्घ. पण ती समासात दुसऱ्या शब्दाला, किंवा मान, मत्त्व असल्या संस्कृत प्रत्ययाला, चिकटली की संस्कृतातली मूळची ऱ्हस्व मि परत येते. कवी पण कविसंमेलन, गुरू पण गुरुवार, बुद्धी पण बुद्धिमान, व्यक्ती पण व्यक्तिमत्त्व. एवढं एक डोक्यात बसलं तर आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिका बऱ्याच सुधारतील.

आणि पोरांना आणखी एक सांगा. फ्लेक्सवाला स्वतः काही लिहीत नाही. तुम्ही रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तो उचलतो आणि तसाच चिकटवतो, त्यात आपल्याकडं तो कधी कधी कन्नड बोलणारा, मराठी मजकुरातली चूक त्याला दिसणार कशी. म्हणजे मोबाईलवर घाईत जे टाइप केलं तेच दहा फुटी होऊन चौकात लागतं, ऑनलाइनचं लिहिणं वेगळं आणि बाहेरचं वेगळं असं आता राहिलेलंच नाही. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला, हा कायदा २०२४ पासून आहेच, मराठीला जी काय जागा उरते तिथं तरी नीट लिहावं की.

फक्त फोटो सगळ्यांसमोर टाकायला नको होता काका. एकाला फोन करून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी फ्लेक्स बदलला असता, आता हट्टानं बदलणार नाहीत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, घरी मराठी, पण शाळा पहिलीपासून कन्नड मीडियम. मराठी लिहायला मी मोबाईलवरच शिकले. कॉलेजच्या ग्रुपवर काही लिहिलं की एकजण लगेच खाली ‘बरोबर’ शब्द टाकतो आणि वर हसायची इमोजी. आता मी इंग्लिश अक्षरांतच मराठी टाकते, ते तरी कोण तपासत नाही. माझं चुकतंय का?

उत्तर : अगं, शाळेत एक दिवस मराठी न शिकता तू देवनागरीत लिहीत होतीस, आणि त्या शहाण्याला त्यात हसण्यासारखं दिसलं. त्याला सांग, कन्नडमध्ये दोन ओळी लिहून दाखव, मी तपासते.

आता कामाचं. ऱ्हस्व-दीर्घ तुला कळत नाही असं समजू नको, तुझा कान त्या बाबतीत चांगलाच तयार आहे. कन्नडमध्ये कुडि म्हणजे पी आणि कूडि म्हणजे एकत्र मिळून, बोलताना फरक ऐकू येतो आणि अर्थही बदलतो, त्यामुळं तुम्हाला ऐकून लिहायची सवय. मराठीत मात्र बोलताना हा फरक आपण फारसा करतच नाही आणि कागदावर तो पाळायचा असतो. म्हणून कानावर भरवसा ठेवून लिहिलं की फसायला होतं, पुण्यात मराठी शाळेत शिकलेलेही फसतात. मराठीत कान सोडायचा आणि अक्षर शब्दात कुठं बसलंय ते बघायचं. शब्दाच्या शेवटी आलं तर दीर्घ, पाणी, आजी, मी, तू, लाडू, फक्त ‘आणि’ नि ‘नि’ हे दोन सोडून (‘आणी’ ही बहुतेक इंटरनेटवरची सगळ्यात लाडकी चूक असावी). शेवटचं अक्षर गरीब, वीट, फूल यांच्यासारखं साधं असेल तर त्याच्या आधीचं दीर्घ. आणि त्याच शब्दाला ला, चा, त लागलं की ते दीर्घ परत ऱ्हस्व, गरिबाला, विटेचा, फुलात. तू खानापूरची आहेस ना, मग खानापूर आणि खानापुरात एवढी एक जोडी पाठ कर, मिरवणूक-मिरवणुकीत, निवडणूक-निवडणुकीत हे सगळे तिच्याच मागनं येतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ह्यात धरायचे नाहीत, गुण, विष, मंदिर, शरीर. शरीर-शरीरात, तिथं काही बदलत नाही. ते हळूहळू वाचून होतात.

इंग्लिश अक्षरांत मात्र लिहू नको. के-ए-डी-एच-आय लिहिलंस तर समोरच्यानं कधी वाचायचं का कढी? चुकीचं का असेना, देवनागरीत लिही. ग्रुपवरच्या गप्पा म्हणजे परीक्षेचा पेपर नव्हे.

प्रश्न : चाळीसच्या जवळपास वर्षं मराठी शिकवलं. आजची पिढी ‘महत्व’, ‘तत्व’, ‘उज्वल’ लिहिते, वर्तमानपत्रंही लिहितात. आमच्या काळी असं नव्हतं. ह्याला जबाबदार हा मोबाईलच ना? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : गुरुजी, नमस्कार. शब्द तुम्ही बरोबर पकडलेत. महत् अधिक त्व म्हणून महत्त्व, तत् अधिक त्व म्हणून तत्त्व, उत् अधिक ज्वल म्हणून उज्ज्वल. नेतृत्व, मातृत्व ह्यांत मूळ शब्दाला शेवटी त् नाही म्हणून तिथं एकच त, हेही सांगावं लागतं, नाहीतर नियम कळल्याच्या आनंदात लोक ‘नेतृत्त्व’ लिहायला लागतात.

पण सगळा दोष मोबाईलचा नाही. ‘महत्व’ पूर्वीही खिळ्यांच्या छपाईत होतंच. आणि तुमच्या वडिलांच्या हातची पत्रं घरात असतील तर काढून बघा, ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आम्हांस’ असे अनुस्वार दिसतील, त्या काळी ते शुद्धच होते. आपला भाग १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नवे नियम आले १९६२ ला, आधी चौदा, मग १९७२ ला आणखी चार, असे अठरा. महाराष्ट्र सरकारनं ते मान्य केले ते तिकडच्यासाठी, आपल्यावर कुणाची सक्ती नव्हती. तरी इकडची वर्तमानपत्रं, मासिकं त्याच वळणावर गेली, कारण पुण्या-कोल्हापूरच्या वाचकाला आपलं आणि आपल्याला त्यांचं सरळ वाचता यावं. शुद्धलेखनाचा खरा उपयोग हाच, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं एक वळण. ते साठ वर्षांपूर्वी बदललं तसं पुढंही बदलेल, म्हणून चुकणाऱ्या पोरावर एवढं चिडू नका.

अनुस्वार सगळेच गेले असंही नाही बरं का. ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. हा अनुस्वार लोक बिनधास्त खातात, आणि इथं अर्थच बदलतो.

प्रश्न : मी ‘शेतकऱ्यांना’ लिहायला गेलो की मोबाईलवर ‘शेतकर्यांना’ येतं, र वर उडी मारून बसतो. हे कसं घालवायचं? (हुक्केरी तालुका)

उत्तर : झकास प्रश्न. हा जो अर्धा र आडवा, मिशीसारखा येतो, तो मराठीची खासियत, कन्नडमध्ये नाही आणि हिंदीतही नाही. मराठी कीबोर्डवर ऱ असं खाली टिंब असलेलं अक्षर असतं, ते घ्यायचं, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), मग य. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरत असाल तर जिथं र आहे तिथंच शिफ्ट धरून दाबा. कीबोर्डची भाषा हिंदी ठेवून मराठी लिहीत असाल तर आधी ती बदला, बरेच जण तिथंच अडकलेले असतात.

आणि ही चूक सोडून देण्यासारखी नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. लग्नाच्या ग्रुपवर ‘आचार्यांना पैसे द्यायचे राहिले’ असं पडलं तर नवरीकडचे कीर्तनकार बुवांकडं बघतात आणि स्वयंपाकाचे आचारी बसतात वाट बघत.

मोबाईलचं आणखी एक, तो तुमच्या चुका शिकतो. दोन-चारदा ‘शुभेच्या’ लिहिलं की पुढच्या वेळी तोच शब्द वर सुचवतो आणि तुम्हाला वाटतं मोबाईल म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार. सुचवलेला शब्द दाबून धरला की तो काढून टाकायची सोय बहुतेक कीबोर्डमध्ये असते, ती वापरा. शुभेच्छा, शुभ अधिक इच्छा.

प्रश्न : मी घरी मांडे आणि कुंदा करून विकते, स्टेटसला जाहिरात टाकते. मुलगी म्हणते आई तू ‘ऑर्डर प्रमाणे करून मीळेल’ लिहितेस, कोण घेणार. खरंच गिऱ्हाईक जातं का हो? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : ‘मीळेल’ वाचून मांडे नको म्हणणारा माणूस बेळगावात तरी सापडायचा नाही. मिळेल लिहा, मि ऱ्हस्व. ‘ऑर्डरप्रमाणे’ एकत्र लिहा. मराठीत ला, चा, साठी, मध्ये, कडे, प्रमाणे हे मागच्या शब्दाला चिकटूनच येतात. ‘घरा मध्ये’, ‘आमच्या कडे’ असं तुटक होतं त्याला मोबाईलचाही हातभार आहे, सुचवलेला शब्द निवडला की तो आपोआप मागं जागा सोडतो, ती खोडायचा आपल्याला कंटाळा.

पण तुमच्या जाहिरातीत ह्याहून महत्त्वाचं म्हणजे नाव. कधी ‘गृहउद्योग’, कधी ‘गृहोद्योग’, कधी ‘ग्रुह उद्योग’ असं लिहू नका. कुणीतरी नाव ऐकून शोधणार, तुम्ही तीन तऱ्हेनं लिहिलं तर तीन ठिकाणी थोडं थोडं सापडणार किंवा सापडणारच नाही. पहिली दोन रूपं चालतात, त्यातलं एक ठरवा आणि पॅकेटवर, स्टेटसवर, सगळीकडं तेच ठेवा. तिसरं सोडाच. आणि फोन नंबर दोनदा तपासा, तिथली चूक कुठलाच कीबोर्ड दाखवत नाही.

प्रश्न : ‘काय करालास गा’ असं लिहिलं की पुण्याचा भाऊ म्हणतो अशुद्ध. (उचगाव)

उत्तर : ती बोली आहे, अशुद्ध कशानं? शुद्धलेखनाचे नियम लिहायच्या वळणाचे आहेत, बोलायचं कसं ते नियम सांगत नाहीत. त्या अठरा नियमांतही बोलण्यातलं ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ हे अनुस्वार देऊन लिहायची मुभा दिलीय. उचगाव, कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत बोलीतली कथा रंगते तेव्हा कोण ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसतं? नोकरीचा अर्ज बोलीत लिहू नका आणि भावाला प्रमाण मराठीत लिहू नका, एवढंच.

प्रश्न : कुणी वारलं की ग्रुपवर ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ची रांग लागते. दुरुस्त करावं का?

उत्तर : नाही. त्या दिवशी तर अजिबात नाही. स्वतः लिहाल तेव्हा भावपूर्ण श्रद्धांजली असं लिहा, आधी द् मग ध, शुद्ध, युद्ध, प्रसिद्ध सगळीकडं तसंच.

छोट्या चिठ्ठ्या : सीमा हा संस्कृत शब्द, सी दीर्घ, म्हणून सीमाभाग, सीमाप्रश्न, सीमावासीय. ‘सिमा’ लिहिलेली निवेदनं इतकी वर्षं जातायत, प्रश्न त्यामुळं अडलेला नाही, तरी लिहायचं ते बरोबर लिहा. एक नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो, त्या मेसेजमध्ये ‘काळा दीन’ लिहू नका, दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बापुडा. बेळगाव की बेळगावी असं दोघांनी विचारलंय. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, मराठीत आपण बेळगाव लिहितो, कुरियरवाल्याला दोन्ही कळतं. ‘रहा’ की ‘राहा’ तर दोन्ही चालतं, पण ‘रहाणे’ नाही, राहणेच.

प्रश्न : वडिलांचं नाव आधारवर एक, जमिनीच्या उताऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. त्यातलं शुद्ध कुठलं समजायचं? (यमकनमर्डी)

उत्तर : नावाला शुद्धलेखनाचा नियम नाही, माणूस स्वतः लिहितो तेच शुद्ध. समजा यल्लाप्पा, मराठीत असं, कन्नडमध्ये शेवट ऱ्हस्व अ होतो, आणि इंग्लिशमध्ये कुणी वाय-ए, कुणी वाय-ई, कुणी एक पी गाळतो. प्रत्येक ऑफिसात कारकून आपापल्या कानानं लिहितो आणि भोगतो आपण. ह्या सदरातल्या बाकीच्या चुकांनी फार तर कोणी हसेल, ह्या चुकीनं वारसा लावताना फाईल परत येते. तेव्हा उताऱ्यावर जे कन्नड रूप आहे ते आणि त्याचं एकच इंग्लिश रूप एका कागदावर लिहून घरात ठेवा, पुढचा प्रत्येक अर्ज त्यात बघून भरा, आणि जिथं वेगळं पडलंय तिथं वडील हिंडते-फिरते आहेत तोवर त्यांना घेऊन जाऊन दुरुस्त करून घ्या.