वाचक विचारतात : पत्रिकेचं जाड कार्ड आणि लेझर प्रिंटर

प्रश्न : मुंजीच्या पत्रिका घरच्या ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटरवर, 200 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) आयव्हरी कार्डवर काढल्या. छपाई ठसठशीत आली, पण बोट फिरवलं की अक्षरं भुकटी होऊन निघतात. टोनर रिफिल केलेला आहे. तोच खराब असेल का? (सातारा)

उत्तर : आधी तेच पान साध्या 75 जीएसएम कागदावर काढा. तिथे अक्षरं पक्की बसली तर टोनरचा दोष नाही. टोनर म्हणजे शाई नव्हे, ती प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते. कागदावर ती आधी नुसत्या विद्युतभाराने चिकटते आणि पक्की होते पुढे फ्यूजरमध्ये, म्हणजे प्रिंटरमधल्या तापलेल्या रोलरांमध्ये, साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला, दाबाखाली वितळून. कागद तिथे क्षणभरच थांबतो. पातळ कागद तेवढ्यात तापतो. जाड कार्ड मात्र ती उष्णता स्वतःच पिऊन टाकतं आणि भुकटी अर्धीकच्ची राहते.

म्हणून कार्ड जाड आहे हे प्रिंटरला सांगावं लागतं. प्रिंट देताना प्रॉपर्टीजमध्ये 'पेपर टाइप' शोधा आणि 'प्लेन'च्या जागी 'हेवी', 'थिक' किंवा 'कार्डस्टॉक' निवडा (कंपनीगणिक नाव बदलतं). प्रिंटरच्या पॅनेलवर ट्रेसाठी वेगळी सेटिंग असेल तर तिथेही तेच ठेवा. सेटिंग लागू झालं की बहुतेक प्रिंटरवर पान संथ सरकू लागतं, आवाजावरूनच कळतं. अक्षरं निघतात म्हणून डेन्सिटी, म्हणजे छपाईचा गडदपणा, वाढवण्याचा मोह होतो. तो टाळा. थर जाड झाला की वितळायला आणखी उष्णता लागते आणि दुखणं वाढतं.

छापून झालेली कार्डं फेकू नका. कोपऱ्यात एकच टिंब असलेलं पान तयार करा आणि 'हेवी' सेटिंगवर तीच कार्डं, छापील बाजू तशीच ठेवून, पुन्हा एकेक करून सोडा. दुसऱ्या फेरीत टोनर बहुधा बसतो. अक्षरांवर सेलोटेप दाबून ओढा. टेपवर काळं आलं नाही की झालं. तरीही माहितीपुस्तिका उघडून पाहाच. घरगुती यंत्रांपैकी अनेकांची मर्यादा 163 जीएसएम असते. तुमचंही तसंच असेल तर 200चं कार्ड निघालं हे नशीब समजा. पुढच्या वेळी 160चं घ्या, नाहीतर 300 जीएसएम घेणारं डिजिटल प्रेस गाठा.

प्रश्न : 160 जीएसएमचं कार्ड दर चौथ्या-पाचव्या पानाला अडकतं. निघालं तरी पापडासारखं वळतं. (कोल्हापूर)

उत्तर : खालच्या ट्रेमधला कागद रोलरभोवती इंग्रजी यू अक्षरासारखं वळण घेऊन वर येतो. जाड कार्डाला ते वळण मानवत नाही. पुढची मॅन्युअल फीडची फट वापरा आणि मागची झडप असेल तर ती उघडी ठेवा, म्हणजे कार्ड जवळपास सरळ रेषेत बाहेर पडेल. पानं छापील बाजू वर ठेवून पडतील, क्रम उलटा होईल. तेवढं चालवून घ्या. वळण्याची तक्रार बरीचशी इथेच मिटते.

मग कार्डाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा पाहा. कार्ड न मोडता एकदा लांबीत, एकदा रुंदीत हलकं वाकवा. जेव्हा सहज वाकतं तेव्हा वाकाची रेघ ज्या दिशेला असते तिकडे ग्रेन. साधारण 135 जीएसएमच्या वर ग्रेन रोलरला समांतर, म्हणजे ए-फोर कार्डात 210 मिलिमीटरच्या बाजूने असलेला बरा. मोठी शीट कापून घेताना कटिंगवाल्याला हे आधीच सांगा, नंतर इलाज नाही. कापलेल्या कडा एकमेकींना चिकटून दोन-दोन कार्डं जातात, म्हणून गठ्ठा हातात घेऊन पत्त्यांसारखा फुलवा. मॅन्युअल फटीत एका वेळी एकच घाला.

एवढं करूनही उचलताना रोलर नुसताच घसरत असेल तर प्लग काढा, यंत्र थंड होऊ द्या आणि पिकअप रोलर पाण्याने किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. रबर गुळगुळीत, चकचकीत झालं असेल तर पुसून फार दिवस निघणार नाहीत. रोलर आणि त्याखालचं सेपरेशन पॅड (एका वेळी एकच कागद आत सोडणारी पट्टी) दोन्ही बदला.

प्रश्न : हातकागदावर, फुलांच्या पाकळ्या असलेल्या कागदावर लेझर प्रिंट चालेल का? (पुणे)

उत्तर : पाकळ्यांचा नको. त्या फ्यूजरमध्ये करपतात, सुटलेले तुकडे आत राहतात. साधा, गुळगुळीत हातकागद चारही कडा सरळ कापून एकेक घालून पाहता येईल, पण खडबडीत पोताच्या खोलगट भागात टोनर पोहोचत नाही आणि अक्षरं तुटक दिसतात. असल्या कागदाला स्क्रीन प्रिंटिंगच शोभतं. चमकीचं आणि सोनेरी फॉइलचं कार्ड तर लेझरमध्ये घालूच नका.

प्रश्न : पावसाळ्यात कलर लेझरवर गडद रंगाचे भाग डागाळलेले येतात. चकचकीत आर्ट कार्डावर बारीक फोडही आले. (रत्नागिरी)

उत्तर : दोन्हींच्या मुळाशी ओल असू शकते. दमट कार्डावर विद्युतभार टिकत नाही, म्हणून टोनर सारखा उतरत नाही. कार्डातलं पाणी फ्यूजरमध्ये वाफ होतं. आर्ट कार्डावरच्या चकचकीत लेपामुळे वाफेला वाट मिळाली नाही की फोड. पाकीट छपाईच्या खोलीत बंदच एक दिवस ठेवा, लागतील तेवढीच कार्डं काढा, उरलेली प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधा. आर्ट कार्डही तपासा. ऑफसेटसाठीचा लेप लेझरची उष्णता सोसेलच असं नाही, तो वितळून फ्यूजरला चिकटला तर खर्च कार्डांपेक्षा कितीतरी मोठा. वेष्टनावर 'लेझर' लिहिलेलंच घ्या.

प्रश्न : घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. (पणजी)

उत्तर : टोनर कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो, घडी घातली की तडकतो. छपाईनंतर क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या रेघेवर दाबून खाच पाडून, मगच घडी घाला. क्रीझमुळे उठलेला उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला यायला हवा. छपाईआधी क्रीझ करू नका, कार्ड आत अडकतं. आणि शक्य असेल तर डिझाइनमध्येच घडीच्या जागेवरून गडद रंग काढून टाका.